गुळगुळीत टायरचा हिशेब

घासून घासून नक्षी नाहीशी झालेल्या टायरला आपल्याकडे ‘गोटा झाला’ असे म्हणतात. मालमोटारीचा टायर असा झाला की मालक तो रिमोल्डिंगला धाडतो. स्कूटरचा झाला की घरातील वडील मंडळी पावसाळ्यापूर्वी तो बदलण्याचा तगादा लावतात. गोटा टायर म्हणजे संपलेला माल, ही समजूत पक्की आहे. त्यामुळे जगातील काही कारखाने मुळातच नक्षीवाचूनचा टायर तयार करतात आणि जाणती माणसे तो पुरती किंमत मोजून घेतात, हे ऐकून व्यापारी मनाला प्रथम थोडे हसूच येईल. मोटारींच्या शर्यतीत मात्र हा नित्याचा व्यवहार आहे. या टायरला ‘स्लिक’ म्हणतात. तो निवडताना पैसा, नियम, हवामान आणि जीव या चारही गोष्टींचा एकाच वेळी विचार करावा लागतो. आणि हौशी शर्यतपटूच्या बाबतीत तर हा विचार घरच्या वहीखात्यापर्यंत येऊन पोहोचतो.

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. तिचे काम पाणी बाजूला सारण्याचे. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर साचला, तर रबर रस्त्याला टेकतच नाही आणि मोटार पाण्यावरून घसरत जाते. नक्षीच्या खाचांतून ते पाणी निघून जाते. कोरड्या रस्त्यावर मात्र त्याच खाचा उणी बाजू ठरतात. खाचेच्या जागी रबर नसते, म्हणजे तेवढी पकड कमी. शिवाय खाचांमधील रबराचे सुटे ठोकळे वळणावर वाकतात, भलतेच तापतात आणि लवकर झिजतात. कोरड्या रस्त्यावरील शर्यतीत म्हणूनच रबराचा सलग पट्टा अधिक उपयोगी. अमेरिकेतील सरळ रेषेत धावणाऱ्या ड्रॅग शर्यतींत असे टायर १९५० च्या दशकात रूढ झाले; फॉर्म्युला वनमध्ये ते १९७१ साली आले. वळणांवरील वेग आटोक्यात ठेवण्यासाठी तेथे १९९८ पासून खाचांचे टायर सक्तीचे झाले आणि २००९ साली स्लिक पुन्हा परतले.

फॉर्म्युला वनचे जग मोठ्या भांडवलाचे. तेथे टायर निवडण्यासाठी स्वतंत्र अभियंते असतात. पण मोटार शर्यतीचे दुसरे, लहान जग आहे. सलून कारच्या हौशी शर्यतींचे. सलून कार म्हणजे पक्के छप्पर असलेली, चार माणसे बसवून बाजारहाटाला नेता येईल अशी घरगुती मोटार. इंग्लंडमध्ये या मोटारींची राष्ट्रीय अजिंक्यपद मालिका १९५८ साली सुरू झाली. १९५९ साली बाजारात आलेल्या छोट्या मिनीने पुढे ती १९६१, १९६२, १९६९, १९७८ आणि १९७९ या वर्षी जिंकली. लहान गाडी मोठ्या गाड्यांना मागे टाकू शकते, हे पाहून कितीतरी सामान्य माणसे या छंदाकडे वळली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांनी त्यांना जागा दिली. सिल्व्हरस्टोन, स्नेटरटन, कॅसल कूम ही सारी मुळात लष्करी विमानतळांची ठिकाणे. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या युद्धकालीन धावपट्टीवरच मोटार शर्यती नावारूपाला आल्या.

या हौशी जगात आठवडाभर दुकान, कचेरी किंवा गॅरेज सांभाळायचे, आणि एखाद्या रविवारी मोटार ट्रेलरवर चढवून शर्यतीला न्यायची. बक्षीस म्हणजे एखादा चषक. खर्च सगळा पदरचा.

लेस्टरशायरमधील एका लहान गावात लोखंडी सामानाचे दुकान चालवणारा एक गृहस्थ यांपैकीच. वय बावन्न. दुकानामागच्या शेडमध्ये त्याची शर्यतीची मिनी उभी असते. आतील गाद्या, अस्तरे काढून टाकल्यामुळे चालकासह तिचे वजन जेमतेम सातशे किलो. दुकानाचे आणि छंदाचे, दोन्ही हिशेब त्याची पत्नी ठेवते; मात्र वह्या वेगळ्या. छंदाच्या वहीत दुकानाचा पैसा उसना येणार नाही, हा तिचा नियम, आणि तो त्याने कधी मोडलेला नाही.

एका वर्षी हंगामाच्या आरंभी त्याने टायरचा एक संच घेतला. एका मोठ्या व्यावसायिक संघाने एकदाच वापरून बाजूला ठेवलेले ते स्लिक त्याच्या रिमवर बसवता येत होते. रबर जाड होते, पृष्ठभाग नव्यासारखा दिसत होता, आणि किंमत नव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. मोठ्या पेढीचा नाकारलेला मालही आपल्यासारख्याला सोन्यासारखा, असे त्याला वाटले. बाजारात मुरलेल्या माणसालाही असा सौदा सोडवत नाही.

एप्रिलमधील थंड सकाळी मॅलरी पार्क येथे शर्यत होती. तळ्याभोवती फिरणारा हा ट्रॅक अवघा सव्वादोन किलोमीटरच्या आत-बाहेरचा. सुरुवातीच्या सरळ भागानंतर जेरार्ड्स नावाचे उजवीकडचे वळण येते. ते इतके लांब की मोटारीचे तोंड उलट दिशेला होईपर्यंत चालकाला स्टिअरिंग वळवलेलेच धरावे लागते. पहिल्याच फेरीत, त्या वळणाच्या मध्यावर, पुढची मोटार थोडी मंदावली म्हणून त्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मिनी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. पाय उचलताच तिचे वजन पुढे गेले, मागची चाके हलकी झाली, आणि मागचे टायर अजून थंडच होते. गाडीची मागची बाजू फिरली. पाठीमागून येणाऱ्या एका तरुण मेकॅनिकला बाजूला होण्यास जागा उरली नाही. दोघांनाही इजा झाली नाही. पण त्या तरुणाने दोन हिवाळे राबून उभी केलेली मोटार पुढून चेपली आणि त्याचा तो हंगाम तेथेच थांबला.

हौशी शर्यतींत रिवाज असा की ज्याचे नुकसान त्याने सोसायचे. शर्यतीत उतरताना प्रत्येकाने तो धोका पत्करलेला असतो. रिवाजाप्रमाणे दुकानदार त्या तरुणाला काहीच देणे लागत नव्हता. पण लागत नसलेले देणेही काही माणसांना झोपू देत नाही. आपल्या टायरचा धोका दुसऱ्याच्या मोटारीवर जाऊन आदळला, हे त्याच्या मनातून जाईना. आपण घाई केली की टायरने दगा दिला, हे त्याला नक्की जाणून घ्यायचे होते. पुढच्या शर्यतीला पाच आठवडे होते.

त्याने प्रथम रबराचा स्वभाव समजून घेतला. रस्ता वरवर सपाट दिसला तरी त्यावर बारीक खडीची टोके असतात. मऊ रबर त्या टोकांमध्ये रुतते, आणि काही अंशी पृष्ठभागाला चिकटतेही. या दोन्ही क्रिया तापमानावर अवलंबून असतात. शाळेतल्या पुस्तकात घर्षणाचे गुणक सहसा एकपेक्षा कमी दिलेले असतात. योग्य तापलेल्या स्लिकचा गुणक एकाच्या वर जातो. मात्र ‘योग्य तापलेल्या’ हे दोन शब्द त्यात महत्त्वाचे. शर्यतीचे रबर साधारणपणे ७० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान आपले काम नीट करते. त्याखाली ते कडक राहते, फार वर गेले तर त्यावर फोड येतात किंवा त्याच्या गुठळ्या सुटू लागतात. टायरला हे तापमान बाहेरून कोणी देत नाही. टायर गरम करणारी विजेची वेष्टने मोठ्या शर्यतींत वापरतात. हौशी मालिकांत त्यांना बहुधा परवानगी नसते आणि परवडतही नाहीत. गाडीचे वजन, वेग, ब्रेक आणि वळणे यांनी रबर आतून वाकते, आणि त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते.

मग कोडे उलगडले. व्यावसायिक संघाची मोटार बाराशे-तेराशे किलोंची आणि त्याच्या मिनीच्या कितीतरी पट ताकदीची. तिच्यासाठी बनवलेले रबराचे मिश्रण, ज्याला या व्यवसायात ‘कंपाउंड’ म्हणतात, मुद्दाम कडक ठेवलेले असते. नाहीतर तिच्या भाराखाली ते जळून जाईल. सातशे किलोंची मिनी त्या रबराला वाकवूच शकत नव्हती, मग तापवणार कशी? त्यातही पुढची चाके इंजिनाची ओढ, ब्रेक आणि वळण असे तीन भार वाहतात. मागची चाके नुसती मागोमाग येतात. त्यामुळे पुढचे टायर थोडेफार तापत होते आणि मागचे अखेरपर्यंत थंडच राहत होते. गाडीची पकड पुढे एक आणि मागे दुसरी, ही स्थिती सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट वयाची. रबराचा कडकपणा मोजणारे ड्युरोमीटर नावाचे छोटे यंत्र मिळते. त्याची टोकदार खुंटी टायरवर दाबली की शून्य ते शंभर या मापावर आकडा येतो. आकडा जितका मोठा तितके रबर कडक. त्याने एका परिचिताकडून ते आणले. पुढचे टायर ६८ दाखवत होते, मागचे ७१. तशाच कामाच्या एका नव्या स्लिकवर त्याने मोजले, तेव्हा आकडा पन्नाशीच्या घरात आला. टायर एकदाच वापरलेला होता हे खरे असेल. पण तो किती वर्षे कुठल्या गोदामात पडून होता, हे कोणी विचारले नव्हते. रबर दर वेळी तापून थंड झाले की थोडे कडक होते, आणि नुसते पडून राहिले तरी हळूहळू कडक होतच जाते. ऊन, उष्णता आणि विजेच्या मोटारींपाशी निर्माण होणारा ओझोन यांनी ते अधिक लवकर बिघडते. स्लिकच्या पृष्ठभागावर ठरावीक खोलीची बारीक छिद्रे असतात. ती दिसेनाशी झाली की टायर झिजला असे समजते. परंतु ती छिद्रे फक्त झीज सांगतात, वय नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या मालाचा घसारा किलोमीटरवर चालत नाही. तो किती वेळा तापला आणि किती महिने पडून राहिला, यावर चालतो.

आता निवडीचा प्रश्न आला, आणि तेथे सर्वांत आधी नियमांचे पुस्तक उघडावे लागले. प्रत्येक मालिकेचे टायरविषयीचे नियम वेगळे. काही मालिकांत फक्त रस्त्यावर चालणारे नक्षीचे टायर लागतात, काहींत सर्वांना एकाच कंपनीचा एकच टायर, आणि काहींत निवड मोकळी. त्याच्या वर्गात स्लिकला मुभा होती, मात्र रुंदीची मर्यादा होती. पुढे-मागे वेगळे कंपाउंड वापरण्यास हरकत नव्हती. हे न पाहता टायर घेणारे लोक असतात, आणि तपासणीच्या वेळी त्यांना गाडी ट्रेलरवर चढवून घरी परतावे लागते.

विक्रेत्यांकडून त्याला तीन प्रकारचे सल्ले मिळाले. पहिला, अधिक रुंद टायर घे. रुंद म्हणजे जास्त रबर, जास्त पकड, हे गणित सोपे वाटते. पण हलक्या गाडीचे वजन रुंद पट्ट्यावर पसरले की रबर आणखी कमी तापते. शिवाय नवे रिम लागतात, टायर मडगार्डला घासतो आणि सरळ रस्त्यावर गाडी जड ओढते. दुसरा सल्ला, सर्वांत मऊ कंपाउंड चारही चाकांना घे. पात्रतेच्या फेरीत तो उत्तम वेळ देईल हे खरे. परंतु त्याच्या शर्यती पंधरा ते वीस मिनिटांच्या, आणि मॅलरी पार्कवर बहुतेक मोठी वळणे उजवीकडची. डावा पुढचा टायर सगळ्यांचा भार उचलणार; तो अर्ध्या शर्यतीत दमून जाण्याची भीती होती. तिसरा सल्ला, एका व्यापाऱ्याकडे जुना शिल्लक साठा आहे तो स्वस्तात उचल. इंग्लंडमधील शर्यतीच्या टायरचे जुने कारखाने एकेक करून मिटत गेले. बर्मिंगहॅममधील डनलॉपचे शर्यतीच्या टायरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मेल्कशम येथील एव्हनचा कारखाना २०२३ च्या अखेरीस बंद झाला. कारखाना बंद झाला की त्याचा उरलेला माल काही काळ बाजारात फिरतो, आणि ओळखीचे नाव पाहून ग्राहक त्याकडे ओढला जातो. नाव चांगले, मालही मुळात चांगला. प्रश्न फक्त तारखेचा.

टायरच्या बांधणीचाही विचार होता. रेडियल टायर नेमका वळतो, पण पकड सोडतो तेव्हा एकाएकी सोडतो. क्रॉसप्लाय बांधणीचा टायर थोडा ढिला वाटतो, पण घसरण्यापूर्वी चालकाला इशारा देतो आणि चुकीला सावरायला सवड देतो. रेडियलला चाक वरच्या बाजूने आत झुकवून, म्हणजे जास्त कॅम्बर देऊन बसवावे लागते; क्रॉसप्लायला तेवढे लागत नाही. बावन्न वर्षांच्या, महिन्यातून एकदा शर्यत चालवणाऱ्या माणसाला इशारा देणारा टायर बरा, हे त्याने स्वतःशी मान्य केले. पुष्कळ शर्यतपटूंना हे मान्य करणे पैसे मोजण्याहून अवघड जाते.

वहीपाशी बसलेल्या पत्नीने मात्र कंपाउंड किंवा कॅम्बर यांपैकी काहीच विचारले नाही. तिने विचारले, “हा माल किती रविवार चालेल?” त्याने सांगितले. तिने नव्या संचाची किंमत शंभर धरली. नवा संच हंगामातील सात रविवार नीट चालेल, म्हणजे एका रविवारचा खर्च चौदाच्या थोडा वर. एप्रिलमध्ये घेतलेला स्वस्त संच तीस धरला. तो फार तर दोन रविवार कामाचा, म्हणजे एका रविवारचे पंधरा. यात चेपलेल्या पत्र्याचा खर्च धरलेलाच नव्हता. स्वस्त माल महाग पडत होता, आणि ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहीपर्यंत कोणाला दिसले नव्हते.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा होता. “पाऊस आला तर?” इंग्लंडमध्ये हा प्रश्न सहज म्हणून विचारला जात नाही. ओल्या रस्त्यावर स्लिकला पाणी सारण्याची वाटच नसते. तेव्हा स्लिक घेणे म्हणजे एक संच घेणे नव्हे. पावसाळी टायरचा दुसरा संच, त्याचे वेगळे रिम आणि ते सगळे वाहून नेण्याची जागा घेणे होय. शिवाय पकड वाढली की तिचा भार पुढे जातो: चाकांचे बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, चाकांचे बोल्ट. लांब वळणावर इंजिनातले तेल एका बाजूला साचून पंपाला मिळेनासे होते, म्हणून तेलाच्या टाकीत आडपडदे बसवावे लागतात. एका टायरच्या मागे ही सारी बिले रांगेने उभी असतात. पहिल्या खरेदीच्या वेळी ती वहीत आली नव्हती.

शेवटी निर्णय झाला तो असा. रुंदी पूर्वीचीच, रिम पूर्वीचेच. क्रॉसप्लाय बांधणी. पुढे हलक्या गाड्यांसाठीचे मध्यम मऊ कंपाउंड, मागे त्याहून एक पायरी मऊ. माल नवा, ताज्या उत्पादनाचा. पावसाळी संच वापरलेला चालेल, पण ड्युरोमीटर लावूनच घ्यायचा. या सगळ्याचे पैसे हंगामातील दोन शर्यती गाळून उभे करायचे. वहीत उसने नाही. नवे टायर आल्यावर त्याने ते लगेच शर्यतीला लावले नाहीत. सरावाच्या दिवशी पाच-सहा फेऱ्या हळूहळू वेग वाढवत मारल्या, वरचा कारखान्यातील चकचकीत थर जाऊ दिला आणि टायर पुरते थंड होऊ दिले. त्यानंतर मोजमाप.

हवा भरण्याचे गणित त्याने तेव्हा प्रथमच नीट केले. सकाळी १५ अंशांवर १८ पौंड हवा भरली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब २३ पौंडांपर्यंत चढतो. म्हणून सकाळचा आकडा महत्त्वाचा नसून फेऱ्या मारून आल्याबरोबरचा आकडा महत्त्वाचा. त्याच वेळी सुईचा तापमापक रबरात टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी तापमान घ्यायचे. मध्य जास्त तापला तर हवा जास्त. दोन्ही कडा जास्त तापल्या तर हवा कमी. डाव्या पुढच्या टायरवर आत ६८, मध्ये ७० आणि बाहेर ८४ अंश आले. याचा अर्थ वळणावर टायर बाहेरच्या कडेवर उभा राहत होता. चाक थोडे आणखी आत झुकवल्यावर आकडे ७६, ७५, ७९ असे जवळ आले. मागचे टायर ५० अंशांपर्यंत पोहोचले. जुन्या संचावर ते ३५ च्या पुढे गेले नव्हते. आदर्श नव्हे, पण मागच्या बाजूचा स्वभाव आता कळण्यासारखा झाला होता.

त्या आकड्यांनी त्याला आपल्या प्रश्नाचे उत्तरही दिले. टायर थंड होता. आणि थंड टायरवर तापलेल्या टायरइतका विश्वास टाकला गेला होता. नव्या संचावरही पहिल्या दोन फेऱ्या थंडच असणार, हे तापमापक स्पष्ट सांगत होता. म्हणून त्याने टायरबरोबर सवयही बदलली. सुरुवातीच्या संथ फेरीत ब्रेक दाबून धरत चाके तापवायची, पहिल्या वळणाला जागा सोडायची, आणि जेरार्ड्सच्या मध्यावर पाय उचलावा लागेल इतक्या वेगाने त्यात शिरायचेच नाही.

त्या तरुण मेकॅनिकने पैसे घेण्यास नकार दिला. रिवाज मोडणे त्यालाही नको होते. तेव्हा दुकानदाराने दुकानातील पत्रा, बोल्ट आणि रंग खरेदीच्या भावाने दिले, दोन रविवार त्याच्या शेडमध्ये काम केले, आणि ड्युरोमीटर त्याच्या हाती देऊन त्याच्याही टायरची मोजणी करून घेतली. ऑगस्टमध्ये दोघे पुन्हा एकाच रांगेत उभे होते. दुकानदाराला त्या दिवशी नववा क्रमांक मिळाला, चषक मिळाला नाही. पण शेवटच्या दहा फेऱ्यांच्या वेळांत अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक नव्हता. छंदाच्या वहीत त्या वर्षापासून एक बदल झाला: पूर्वी टायर ‘मोटारीचे भांडवल’ या सदराखाली लिहिले जात, आता ते ‘खपाचा माल’ या सदरात, खरेदीच्या तारखेसह लिहिले जातात.

भारतातील हौशी चालकाला ही निवड इतक्या मोकळेपणाने करावी लागत नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ मधली. शोलावरमनंतर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाई येथे १९९० साली कायमचा ट्रॅक झाला, आणि कोईमतूरला २००३ साली करी मोटर स्पीडवे. आपल्या राष्ट्रीय मालिकांत सर्वांनी एकाच कंपनीचे ठरवून दिलेले टायर वापरावेत, अशी पद्धत आहे. त्यामुळे खर्चाची चढाओढ थांबते, जे योग्यच आहे. तरीही हवेचा दाब, तापमान, टायरचे वय आणि पहिल्या फेरीतील संयम हे चार प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला उरतातच. लहान मुलांच्या गो-कार्टलाही गुळगुळीत टायरच असतात, आणि कोल्हापूरसारख्या शहरांतून आता ही हौस घराघरात शिरू लागली आहे. व्यापारी घरातील आईवडिलांना यातले यंत्रशास्त्र कळले नाही तरी चालेल; त्यांना माल, मुदत आणि घसारा कळतो, आणि तेवढे पुरते.

मुलाने नवा टायर मागितला, तर किंमत विचारण्यापूर्वी जुना टायर किती अंशांपर्यंत तापत होता, हे विचारावे. उत्तर मिळाले तर वही उघडावी. उत्तर मिळाले नाही, तर टायरच्या आधी तापमापक घ्यावा. तो स्वस्त असतो आणि पुष्कळ वर्षे टिकतो.